उणे वीस

नारीन, ३ नोव्हेंबर. सकाळी नऊला उणे सहा. वारा नाही.

सिर्गा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. पाकीट आणायला पोस्टात गेलो तर तिथली बाई म्हणाली, "येकातेरिनबुर्गला पत्र? तिकडचे फोन बंद पडलेत का, दादा?" मी म्हटलं, फोन चालू आहेत, उचलणारे बंद आहेत. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मुद्द्याचं आधी. तुझ्या आईच्या वर्षाचं जेवण बारा जानेवारीला ठरलं आहे. ओरोझालीमामाने कापायला घोडी बघून ठेवली आहे. अंगणात नमद्याचा, जाड थापीव लोकरीचा, तंबू उभा राहील, मागच्या वेळी होता त्याच जागी. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसतील, बाहेर आम्ही पुरुष काठ्या टेकून उभे राहू, आणि कुणीतरी शेवटचा कोशोक म्हणेल. त्यानंतर या घरात झूरासाठी गाऊन रडायचं नाही, असा नियम. कोशोक मुलीने म्हणायचा असतो. झूराला मुलगी एकच. आणि त्या मुलीने मागच्या जानेवारीत तो अर्ध्यावर तोडला, सातव्या दिवशी बॅग उचलली आणि बापाशी एक शब्द न बोलता विमानात बसली.

मामा म्हणतो, सिर्गा आली नाही तर अत-बाशीहून गाणारी बाई आणू, ती कुणासाठीही रडते. मी म्हटलं, भाड्याची नको. अकरा वर्षं तू शाळेत आईच्या हातची वेणी घालून गेलीस. त्या वेणीबद्दल भाड्याची बाई काय म्हणणार?

आता अत्तराचं. तू ज्यामुळे गप्प झालीस त्याबद्दल मला बोललं पाहिजे, कारण तुझ्यासकट सगळ्यांनी त्याचा चुकीचा अर्थ काढला आहे आणि चुकीची नोंद मला सहन होत नाही.

'उणे वीस' हे अत्तर मी स्वतः जुळवलं आहे. कुठल्या कारखान्याचं नाही, तुर्की बाटलीची नक्कल नाही. व्हॅनिला, जाळलेली साखर, भाजलेल्या जवाचा अर्क, तोंका म्हणून एक काळी बी असते तिचं तेल, आणि तळाशी आपल्या डोंगरातल्या अर्चाच्या लाकडाच्या धुराचा एक थेंब. पुरुषांनी थंडीत लावायचं. लिंबाबिंबाची हलकी अत्तरं उणे दहाला मरतात, नाकापर्यंत पोचतच नाहीत. गोड आणि जड असतं तेच टिकतं. मनगटावर लावायचं नाही, हातमोजा ते पिऊन टाकतो. गळ्याच्या खाली, लोकरीच्या आत, दोन थेंब, घराबाहेर पडण्याच्या एक तास आधी. अंगाची ऊब त्याला कॉलरमधून हळूहळू बाहेर ढकलते. उणे पाचच्या वर लावलं तर चिकट होतं, डोकं धरतं. म्हणून नाव 'उणे वीस'. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. रसायनशास्त्राचं सातवीचं पुस्तक, वाचनालयातली दोन रशियन पुस्तकं आणि हे नाक.

दफनाच्या तीन दिवसांत उणे सव्वीस होतं. म्हणजे मात्रा बरोबर होती. माझ्या लक्षात न आलेली गोष्ट एकच. येणारा प्रत्येक माणूस आधी आक्रोश करत माझ्याकडे धावायचा आणि मला कवटाळायचा. तीन दिवसांत दोनशेच्या वर माणसं. प्रत्येक जण माझ्या कॉलरचा वास आपल्या कोटावर घेऊन चुलीजवळच्या खोलीत चहाला जायचा आणि तिथे तो वास फुलायचा. उबेत तो पाचपट होतो. तिसऱ्या दिवशी सगळ्या मयताला मिठाईच्या दुकानाचा वास येत होता, हे मला मान्य आहे.

ते का लावलं होतं, हा वेगळा प्रश्न. तो तू विचारला नाहीस.

उठून दोनदा बाहेर जाऊन आलो. अंगणात तंबूच्या जागी बर्फ पातळ आहे, तिथली जमीन अजून बसलेली नाही.

येणार की नाही, एवढं कळव.

तुझा बाप,
सोवेतबेक


नारीन, २० नोव्हेंबर. उणे चौदा. पूर्वेचा वारा, बोचरा.

सिर्गा,

पत्राला सोळा दिवस लागतात असं धरलं तर माझं पहिलं पत्र काल तुला मिळालं असेल. उत्तराची वाट बघत नाही. फक्त हिशोब सांगितला.

काल गुरुवार. आई असताना गुरुवारी या घरातून तळणीचा वास जायचा, तुला आठवत असेल. कढईत तेल कडकडीत, पिठाच्या गोळ्यांचे चार बोरसोक तळायचे, खायचे नंतर, आधी वास सोडायचा. तो घरातल्या गेलेल्यांना पोचतो म्हणतात. मी या गोष्टी मानत नाही. पण दहा महिने या घरातून वास गेला नाही, हे शेजारच्या दिल्दे एजेने काल कुंपणावरून मोठ्याने सांगितलं, म्हणजे समोरच्या दुकानातही ऐकू गेलं.

"झूराला उपाशी ठेवलंस वर्षभर," ती म्हणाली.

"मी रोज अत्तर लावतो," मी म्हटलं. "वासच पाहिजे ना?"

"त्या वासाने पोरी येतील, पितर नाही यायचे."

मग मी कढई चढवली. ती न बोलावता आत आली आणि पिंजऱ्यातल्या अस्वलाकडे बघावं तशी उभी राहून बघत राहिली.

"तेल तापलं नाही अजून. गोळी टाकून बघ."

"किती अंशाला टाकायची?"

"अंशाला नाही, तेलात टाक."

पहिली खेप काळी झाली. दुसरी आतून कच्ची. तिसरी तिने मला ढकलून स्वतः केली. वास सुटला. मग ती डोक्यावरच्या रुमालाने नाक पुसत म्हणाली, "सोवेतबेक, खरं सांग. तंबूत आम्ही बायका बसलो होतो आणि नमद्यातून तो गोड वास येत होता. सगळ्यांना वाटलं तू दुसरी बघून ठेवलीस. औषधाच्या दुकानातली, असंही कुणी म्हणालं. तुझी पोरगी तिथेच बसलेली. ती गात होती, 'दार उघडीन तेव्हा कुणाचा वास सामोरा येईल, आई,' आणि तेवढ्यात तो भपकारा आला. पुढे तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. आम्ही तिला चिमटे काढले. नाहीच."

हे मला माहीत नव्हतं, सिर्गा. कुठल्या ओळीला तुटलं, ते मला बाहेर कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, थकलीस.

औषधाच्या दुकानातली बाई एकसष्ट वर्षांची आहे आणि तिला बहिरेपण आहे. मी तिथून आईच्या सुया आणायचो, रोज, म्हणून लोकांनी जोडून टाकलं. तुझ्या मामानेही जोडलं. तो रविवारी आला होता. उंबऱ्यावरच म्हणाला, "तुझा अत्तराचा खोका बंद कर म्हणत नाही. बाजारात पोरांना वीक काय विकायचं ते. पण माझ्या बहिणीच्या वर्षाला अंगाला थेंब लावून उभा राहिलास तर मी माझी माणसं घेऊन परत जाईन. घोडीसकट." माहेरचा माणूस असं बोलला की ऐकायचं असतं. मी मान डोलावली. त्याचे कान लाल झाले होते; थंडीने की रागाने, सांगता येत नाही.

अत्तर आईसाठी केलं होतं का, असं तू विचारशील तर, नाही. धंद्यासाठी केलं. पण पहिली बाटली तिने हुंगली आणि म्हणाली, "हे पुरुषाचं नाही, केकवाल्या बाईचं झालंय. यात थोडा धूर घाला, हवामानखातं." मला ती हवामानखातं म्हणायची, तुला माहीत आहे. अर्चाचा थेंब तिचा. पुस्तकात तो नाही. हे मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना सांगतो की माझं डोकं.

चहा ओतला होता, तो गार झाला. पुन्हा ओतत नाही.

बाप


नारीन, ६ डिसेंबर. उणे एकोणीस. ढग खाली उतरलेत.

सिर्गा,

तुझा आवाज ऐकला. मामाने खोक्यावर येऊन फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी पाठवलंय, पण ऐक." अकरा सेकंद. "मामा, बाबांना सांगा, अत्तराचं पुराण पुरे. आई आजारी होती, तर गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्येच मला का बोलावलं नाही, तेवढं लिहा. तेवढं लिहिलं तर मी विचार करीन."

मी चार वेळा ऐकलं. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काय ओतून दिलं मला आठवत नाही. मामा म्हणाला, "मलाही ते ऐकायचंय, पण मी तुझ्या तोंडून ऐकणार नाही. तिला लिही." आणि गेला.

तीन दिवस लिहितो आहे. दोन कागद चुलीत घातले. आता हा पाठवणार, कसाही झाला तरी.

तू लहान असताना मी वरच्या हवामान स्टेशनवर होतो हे तुला फक्त फोटोतून माहीत. नऊ वर्षं. दर तीन तासांनी नोंद: तापमान, वारा, दाब, बर्फाची उंची. नऊ वर्षांत माझी एकही नोंद चुकली नाही. स्टेशन बंद झालं तेव्हा वह्या कुणी नेल्या नाहीत, मी आणल्या. त्या माळ्यावर आहेत. मला कुणी कुठली पदवी दिली नाही, पण मी मोजलेलं खोटं ठरलं नाही, याच एका गोष्टीवर मी आजवर मान ताठ ठेवून चाललो.

आई आजारी पडली तेव्हाही मी वही घातली. सकाळ-दुपार-संध्याकाळ ताप. दर सोमवारी वजन. जेवणाचे चमचे. बिश्केकच्या डॉक्टरने हात झटकले, "महिने सांगता येत नाहीत" म्हणाला. मला राग आला. सांगता येत नाहीत म्हणजे मोजलेलं नाही. मी चौकटीच्या कागदावर रेघ काढली. वजन उतरत होतं, पण सारखं, एकाच उतारावर. रेघ पुढे नेली तर एप्रिलच्या मधोमध येत होती.

बावीस ऑक्टोबरला आई म्हणाली, "सिर्गाला बोलवा."

मी तिला तो कागद दाखवला.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. मी मरणाऱ्या बायकोला तिच्या मरणाची रेघ दाखवली आणि समजावलं: हे बघ, एप्रिल. मार्चमध्ये बोलावू. तोवर बर्फ उतरेल, सिर्गाची नोकरी नवी आहे, आत्ता रजा घेतली तर जाईल. मार्चमध्ये आली तर दीड महिना शेजारी बसेल. तिने कागद हातात धरला. म्हणाली, "रेघ छान काढलीत." आणि तुझ्याशी फोनवर बोलताना पित्ताशयाचं दुखणं सांगायचं, हे आमचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

डिसेंबरमध्ये तिने आणखी एकदा विचारलं. "अजून मार्चच का?" मी म्हटलं, नवीन वर्ष होऊ दे. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रेघ तुटली. उतरली नाही, तुटली. पाच दिवसांत सगळं. तुला फोन केला तेव्हा तू तिकीट काढलंस, आणि तू विमानात असताना ती गेली.

रेघ माणसाच्या अंगाला लागू पडत नाही हे त्या सातवीच्या पुस्तकात नव्हतं. पण हे सांगायला पुस्तक लागत नाही, तेही मला कळतं. दिल्दे एजेने तेव्हाच सांगितलं होतं, "पोरीला बोलव, झूराचे कान पारदर्शक झालेत." मी तिला म्हटलं होतं, कानांवरून काही ठरत नाही.

म्हणून बोलावलं नाही. दुसरं कारण नाही. मला वाटलं, माझं बरोबर आहे.

उत्तर तुला मिळालं. आता विचार कर किंवा करू नकोस.

बाप

वहीतली ती पानं मी फाडलेली नाहीत. चुकलेली नोंद फाडायची नसते.


नारीन, १९ डिसेंबर. उणे तेवीस. नदी काठाने गोठली, मधून वाहते आहे.

सिर्गा,

हे पत्र पोस्टाने नाही. वरच्या गल्लीतला एलदियार उद्या बिश्केकला जातो, तिथून विमानाने तुमच्या गावी. त्याच्याकडे देतो आहे, म्हणजे तीन दिवसांत मिळेल. तो पाकीट हुंगून म्हणाला, "काका, यावरही मारलंत का?" मारलं नव्हतं. माझ्या बोटांना असतोच.

राहिलेलं एक लिहायचं आहे. तू विचारलेलं नाहीस, पण मागचं लिहून झाल्यावर आता हे लपवण्यात अर्थ नाही. दुकानात उभं राहवत नाही, घरात बसवत नाही. हे एकदा बाहेर गेलं म्हणजे निदान एका जागी बसता येईल.

नोव्हेंबरपासून आईला कुठलाच वास सोसेना. मटणाचा रस्सा, चहा, साबण, चुलीचा धूर, माझ्या कोटाचा मेंढीचा वास. उलटी व्हायची. मी खोक्यावरून यायचो तो अंगाला शंभर वास घेऊन यायचो, म्हणून आधी बाहेर उभा राहून कपडे झटकायचो. एकदा घाईत तसाच आत गेलो. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "ते धुराचं लावलंत का? तेवढं चालतं. ते रोज लावा." का चालतं, मला सांगता येणार नाही. मी ताळा बघितला नाही.

पुढे सुया वाढल्या तेव्हा डोळे उघडेनात. मी शेजारी बसून बोलायचो, ते तिला कळायचं की नाही, कोण जाणे. पण एकदा मी खिडकीशी उभा होतो तर म्हणाली, "लांब उभे राहता. आलात की नाही कळत नाही." मग मी जवळ आलो. "आता आलात," म्हणाली. त्यानंतर रोज दोन थेंब, तिच्या खोलीत जाण्याच्या एक तास आधी. घरात उणे नव्हतं, चोवीस होतं. माझ्याच नियमाप्रमाणे चूक. मी लावत राहिलो.

ती गेली, तंबूत नेली. डाव्या बाजूला पडद्याआड तिची जागा. नवऱ्याने दाराशी उभं राहायचं असतं. तुला आठवतं का, मी दाराशी नव्हतो? मी डावीकडे, नमद्याला पाठ लावून उभा होतो. मामा दोनदा म्हणाला, "इकडे ये, लोक तिकडून येतात." मी गेलो नाही. ती माझ्यापासून दोन वितींवर होती, मध्ये नमदा, दोन बोटं जाड. तळणीचा वास गेलेल्यांना पोचतो, असं सगळं नारीन मानतं. मी मानत नाही. पण पोचतच असेल तर माझाही पोचेल, आणि नसेल पोचत तर कुणाचं काय गेलं, असा मी हिशोब केला. रात्री झोपायच्या आधी लावलं, सकाळी लावलं, दुपारी लावलं. मी लांब नाही हे तिला कळावं, एवढंच.

मध्ये तू बसली होतीस, हे मला माहीत नव्हतं. नमद्याकडे तोंड करून, तिच्या उशाशी. मी तिला पाठवत होतो आणि लागत तुला होतं.

मामाला मी शब्द दिला आहे. बारा तारखेला अंगाला थेंब लावणार नाही. परवापासूनच बंद केलं आहे, कोट धुवून वाळत घातला, तो पत्र्यासारखा उभा राहिला आहे अंगणात. म्हणजे तू आलीस तर त्या वासाची भीती नको.

आलीस तर तुझ्या खोलीतली चूल मी आदल्या दिवशी पेटवून ठेवीन.

बाप


नारीन, १८ जानेवारी. उणे पंचवीस. स्वच्छ. वारा नाही.

सिर्गा,

तुझे लोकरीचे मोजे खिडकीत राहिले. पाठवत नाही, इथे असू देत, पुढच्या वेळी लागतील.

बारा तारखेला तू मला एक प्रश्न विचारलास आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. त्यानंतर तू दोन दिवस घरात होतीस, तरीही नाही. आपण घोडीच्या सॉसेजबद्दल बोललो, तुझ्या गोदामातल्या त्या मुकादमाबद्दल बोललो, तुला पोचवायला बसपर्यंत आलो तेव्हा टायरांबद्दल बोललो. म्हणून पुन्हा कागद.

तू टॅक्सीतून उतरलीस आणि माझ्यासमोरून सरळ तंबूत गेलीस. मला कवटाळलं नाहीस. मी म्हटलं, ठीक आहे, आली तरी. मी या वेळी दाराशी उभा होतो, नियमाप्रमाणे, पण तू आत गायला लागलीस आणि माझे पाय आपोआप डावीकडे गेले. तिथे आता कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. गेलो.

तू वेणीचं म्हणालीस. पीठ मळताना बांगडी काढून ती खिडकीत ठेवायची, ते म्हणालीस. मला ते आठवतही नव्हतं. मग ती ओळ आली, 'दार उघडीन तेव्हा कुणाचा वास सामोरा येईल, आई,' आणि तू थांबलीस. मागच्या वर्षी थांबलीस तिथेच. बाहेर सगळ्यांनी माना वळवल्या. मामाची काठी बर्फात रुतत चालली होती. मी मोजायला लागलो. सवय आहे. चाळीसपर्यंत मोजलं.

आणि मग माझ्या खांद्याच्या उंचीवर नमदा बाहेर आला. आतून कुणीतरी तळहात लावला होता. तुझा आवाज, गाण्यातला नाही, रोजचा:

"बाबा, आज लावलं नाही?"

चाळीस माणसं ऐकत होती.

पुढचं तुला आतून दिसलं नाही, म्हणून सांगतो. ओरोझालीमामा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता घोडीसकट परत निघाला. त्याने मफलर सोडला, कोटाच्या आत हात घातला आणि छोटी बाटली काढली. माझी बाटली. माझ्या हातची चिठ्ठी, 'उणे वीस, गळ्याखाली दोन थेंब'. ती मी नोव्हेंबरपासून दिल्दे एजेला विकत होतो, दर पंधरवड्याला एक. ती म्हणायची, जावयाला पाहिजे. एजेला जावई नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही कधी.

"धर," तो म्हणाला. "आणि कुणाला सांगू नकोस."

"तू लावतोस?"

"बहिणीच्या घरचा वास आहे," तो म्हणाला. "लाव लवकर, पोरगी थांबलीय."

मी बूच काढलं. दोन थेंब नाही, अर्धी बाटली सांडली; थोडी गळ्यावर, बाकी नमद्यावर. एक तास आधी लावायचा नियमही गेला. तुझा हात अजून तिथे होता. तुला वास पोचायला किती सेकंद लागले ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोजलं नाही. तू पुढची ओळ घेतलीस, आणि तिथून शेवटपर्यंत गेलीस.

तर उत्तर असं: लावलं नव्हतं, कारण मामाला शब्द दिला होता हे एक. दुसरं, मला वाटलं तू त्या वासाला वैतागली आहेस. तिसरं, आणि हेच खरं, मला वाटलं तिच्यासाठी लावायचं ते आता संपलं, आणि तुझ्यासाठी लावायचा मला हक्क नाही. ऑक्टोबरचं मी लिहिलं, तू वाचलंस, त्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस. बोलावंस असं मी म्हणत नाही. तू हात लावलास ते मी क्षमा म्हणून नोंदवलेलं नाही. हात लावला, एवढंच नोंदवलं आहे.

सोळा तारखेला तंबू उतरवला. नमदे गुंडाळून कोठीत ठेवले. डाव्या बाजूचा वेगळा ठेवला आहे, गुंडाळलेला नाही, भिंतीला टांगून. कोठीत उणे बारा असतं. माळ्यावरून वही काढली, स्टेशनवरची नाही, आईच्या आजारातली, मागे कोरी पानं आहेत. रोज सकाळी नऊला जाऊन हुंगतो आणि लिहितो. सतरा जानेवारी: आहे, स्पष्ट. अठरा जानेवारी: आहे, साखर कमी झाली, धूर जास्त.

साखर आधी जाईल, धूर मागे राहील, असा अंदाज आहे. किती दिवस, ते सांगत नाही. रेघ काढलेली नाही.

वास जायला लागला, की तुला त्याच दिवशी फोन करीन. संपल्यावर नाही. जायला लागला की.

उचल.

बाप